पहिलीला नाव कुठे घालायचं? जिल्हा परिषद, अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित

जूनमध्ये मुलाचं नाव कुठल्या शाळेत घालायचं, हे बहुतेक घरांत जानेवारी-फेब्रुवारीतच ठरून जातं. ठरवताना आपण माध्यम बघतो, इमारत बघतो, शेजारची मुलं सकाळी कुठल्या बसमध्ये चढतात ते बघतो. मी चार वर्षं आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होते. थोरली लेक तिथून पुढे तालुक्याच्या अनुदानित हायस्कूलला गेली. दिराचा मुलगा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांतून इंग्रजी शाळेत शिकला. तिन्ही प्रकारच्या शाळांच्या पायऱ्या झिजवल्यावर मला आता सगळ्यांत आधी एकच प्रश्न सुचतो: इथल्या शिक्षकाचा पगार कोण देतं, आणि माझं मूल इथे असेपर्यंत तो मिळत राहील का? शाळेबद्दलचं निम्मं तरी या उत्तरात कळतं.

आधी जिल्हा परिषदेची शाळा. फी नाही, बालभारतीची पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण, गणवेश, घरापासून चालत जाता येईल एवढं अंतर. शिक्षक डीएड झालेले, नवे असतील तर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही पास, सरकारी पगारावरचे. नव्याने लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. त्याचं मानधन २०२३ पासून १६ हजार झालं, त्याआधी कित्येक वर्षं ते ६ हजारच होतं. म्हणजे शिक्षक चांगला असण्याची शक्यता इथे भरपूर. अडचण आहे ती शिक्षक किती आहेत याची.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. खेड्यातल्या बऱ्याच शाळांत पट साठाच्या खूप खाली असतो, म्हणजे दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. त्यातले एक गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेले की सगळी शाळा एकावर. चांगला शिक्षक हेही निभावतो, मी बघितलंय. चौथीची मुलगी पहिलीच्या पोराला पाटीवर क गिरवून देते आणि त्यातून दोघंही शिकतात. पण सलग तीन महिने असं चाललं तर चौथीचा भागाकार मागे पडतो, आणि तो पुढे कोणी भरून काढत नाही.

हा पट मोजतात कसा, हे एकदा जवळून बघितलं पाहिजे. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरतं, आणि त्यात आधार पडताळणी झालेलीच मुलं धरतात. एका वर्षी आमच्या शाळेत सालगड्याची मुलगी होती. आधारवर जन्मतारीख एक, रजिस्टरला दुसरी. गुरुजी तिला आणि तिच्या आईला मोटारसायकलवर बसवून दोनदा तालुक्याच्या आधार केंद्रावर घेऊन गेले. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद, दुसऱ्या खेपेला बोटांचे ठसे उमटेनात. मुलगी रोज वर्गात बसत होती, खिचडी खात होती, बाराखडी म्हणत होती, पण सरकारी पोर्टलवर ती नव्हती. आमचा पट त्या वर्षी २० च्या आसपास होता, तेव्हा एका मुलीचा हिशोब किती मोठा होता ते समितीतल्या सगळ्यांना कळत होतं.

वीसचा आकडा उगीच सांगत नाही. २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा, करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागवले, तेव्हा अशा शाळा राज्यात सुमारे पावणेपंधरा हजार होत्या. त्यानंतर १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. माझं मत स्पष्ट आहे: वाडीवरची शाळा उठवून मुलांना गाडीने लांब नेणं हे मुलींच्या शिक्षणाच्या मुळावर येणारं आहे. ज्या दिवशी गाडी येत नाही, त्या दिवशी पोरगी घरी धाकट्याला सांभाळते. पण पालक म्हणून निवड करताना सरकारने काय करायला हवं यापेक्षा काय घडू शकतं ते धरून चालावं लागतं. पट वीसच्या खाली आणि दरवर्षी घसरता असेल, तर तुमचं मूल चौथी पास होईपर्यंत शाळा आज आहे तशीच राहील अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. पट चाळीस-पन्नास असेल, गावातली शिकलेली माणसंही आपली मुलं तिथेच घालत असतील, तर चौथीपर्यंत याहून चांगली शाळा शोधायला जाऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत १० हजार, त्यापुढे शंभरपर्यंत २५ हजार. त्यात खडू, झाडू, रजिस्टरं, नळाची तोटी, वीजबिल, सगळं आलं. आमच्या शाळेचं मीटर एकदा कापलं गेलं. लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही दोन महिने भिंतीवर बंद पडून होता. शेवटी बिल ग्रामपंचायतीने भरलं. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा वर्गातला टीव्ही बघून हुरळू नका, दिवा लावून बघा.

धोरण बदललं की पहिला धक्काही याच शाळांना बसतो. २०२४-२५ ला 'एक राज्य एक गणवेश' आला. आधी एका गणवेशाचे ३०० रुपये समितीकडे यायचे, आम्ही गावातल्या शिंप्याकडून मापं घेऊन शिवून घ्यायचो. त्या वर्षी कापड वरून यायचं ठरलं आणि शाळा सुरू होऊन कितीतरी दिवस मुलं जुन्याच कपड्यांत बसली. डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा समित्यांकडे दिलं. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचंही तसंच झालं: एप्रिल २०२५ ला निर्णय, जूनअखेर तो मागे. शिक्षकांचा किती वेळ या फेऱ्यांत जातो, ते शाळेत जाऊन बसल्याशिवाय कळत नाही.

अनुदानित शाळा म्हणजे संस्था खासगी, पगार सरकारचा. तालुक्याच्या गावातली जुनी हायस्कुलं बहुतेक याच प्रकारातली. आठवीपर्यंत मोफत, पुढची फीही नाममात्र, विषयाला स्वतंत्र शिक्षक, बऱ्याच ठिकाणी सेमी-इंग्रजीची तुकडी. पाचवी ते दहावीसाठी मी डोळे झाकून हीच निवड सांगितली असती, पण आता डोळे उघडे ठेवायला लागतात, कारण 'अनुदानित' या पाटीखाली तीन-चार प्रकारच्या तुकड्या असतात. काही पूर्ण अनुदानित. काही अंशतः, म्हणजे वीस, चाळीस, साठ टक्के अशा टप्प्यांवर. काही अजून विनाअनुदानित. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द २००९ मध्ये निघाला, म्हणजे अनुदानाची वाट मोकळी झाली, तरी अनुदानाचा टप्पा वाढवून मिळावा म्हणून शिक्षकांना जुलै २०२५ मध्येही आझाद मैदानावर बसावं लागलं.

लेकीच्या शाळेत गणिताचे सर अंशतः अनुदानित तुकडीवर होते. शिकवायचे इतकं छान की मुलं सुट्टीतही फळ्याभोवती उभी असायची. संध्याकाळी ते खत-बियाण्याच्या दुकानात हिशोब लिहायला बसायचे, कारण घर चालायला हवं. नववीच्या मध्यात ते शाळा सोडून गेले. त्यांच्या जागी वर्षाअखेरपर्यंत कोणी आलं नाही. भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून, पोर्टलची जाहिरात वर्षानुवर्षांनी. त्यांना मी कधी दोष दिला नाही, पण लेकीची भूमिती तिथे राहिली ती राहिलीच.

अनुदानित शाळेत आणखी एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली आहे. डिसेंबर २०२० च्या निर्णयानुसार शिपाई निवृत्त झाला की त्याचं पद भरायचं नाही, शाळेला ठोक भत्ता द्यायचा. त्या भत्त्यात पूर्णवेळ माणूस मिळत नाही. मग स्वच्छतागृह कोण धुणार? मुलगी असेल तर शाळा बघायला गेल्यावर हे दार स्वतः उघडून बघा, विचारू नका. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, टीईटी न झालेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागणार आहे. हा निकाल जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही लागू आहे. पंधरा-वीस वर्षं उत्तम शिकवणारी माणसं सध्या त्या अभ्यासाच्या काळजीत आहेत.

स्वयंअर्थसहाय्यित शाळा २०१२ च्या कायद्याखाली येतात. सरकारचा पैसा नाही, सगळं फीवर. इथे वर्गाला शिक्षक असतो, तो निवडणुकीच्या कामाला सहसा जात नाही, बस वेळेवर येते, हे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फीतला किती हिस्सा शिक्षकाच्या हातात पडतो हे बाहेरून कळत नाही. ओळखायची एक सोपी खूण आहे: मागच्या वर्षीचे किती शिक्षक या वर्षीही तिथेच आहेत, ते दुसरी-तिसरीच्या पालकांना विचारा. दरवर्षी नवी मॅडम असेल तर चकचकीत बसचा काही उपयोग नाही.

फी वाढीवर कायदा आहे. दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १५ टक्के. पण तक्रार करायला २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात, आणि आपल्या मुलाला त्रास होईल या भीतीने ते येत नाहीत. तेव्हा पहिलीची फी बघून ठरवू नका. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरून दहावीपर्यंतचा हिशोब कागदावर मांडा. सोयाबीनचा भाव पडला तरी ती भरता येईल का, हे त्या कागदावर दिसलं पाहिजे. पाचवीत शाळा बदलायची वेळ आली तर सगळ्यांत जास्त हाल मुलाचे होतात. ना धड इंग्रजी, ना धड मराठी.

आता आरटीईचे २५ टक्के. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलैमध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. त्यामुळे अर्ज जरूर भरा. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सरकार शाळेला या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती देतं, त्याचा दर कित्येक वर्षं १७ हजार ६७० रुपयांच्या आसपासच राहिला आणि तेही पैसे वर्षानुवर्षं थकतात. त्याचा राग काही ठिकाणी मुलांवर निघतो: वह्यांचे पैसे, सहलीचे पैसे, स्नेहसंमेलनाचे पैसे. दुसरं म्हणजे हा हक्क आठवीपर्यंतच. दिराच्या मुलाच्या हातात नववीच्या पहिल्याच दिवशी पूर्ण फीची पावती आली. घरात तेवढे पैसे नव्हते. तो मराठी हायस्कूलला आला, आणि इतिहासाचं पुस्तक मराठीतून वाचताना दोन महिने रडकुंडीला आला. आरटीईच्या प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागला तर नववी-दहावीच्या फीचे पैसे पहिलीपासूनच बाजूला टाकायला लागा.

मला कुणी विचारलं तर पहिली ते चौथी गावातली जिल्हा परिषद शाळा, दोन शिक्षक नक्की असतील आणि पट घसरत नसेल तर. पाचवीपासून अनुदानित हायस्कूल, तुकडी पूर्ण अनुदानावरची आहे हे मुख्याध्यापकांना विचारून. स्वयंअर्थसहाय्यित शाळा, दहावीपर्यंतचा तो कागद जमत असेल तरच.

कॉलेजला हाच प्रश्न पुन्हा समोर येतो, फक्त आकडे मोठे होतात. एकाच इमारतीत बीएससीची अनुदानित तुकडी असते आणि बीसीएची विनाअनुदानित. फीमध्ये कितीतरी पटींचा फरक. अनुदानित बाजूलाही प्राध्यापकांची पदं रिकामी असल्याने बरंच शिकवणं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर चालतं. तेव्हा विषय निवडताना विभागात कायम प्राध्यापक किती आहेत ते विचारा. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय माहीत असायला हवा: उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, संस्थेच्या कोट्यातून घेतला तर सवलत नाही. सरकारकडून पैसे उशिरा येतात म्हणून 'आधी भरा, मग परत मिळतील' असं खिडकीवर कुणी सांगितलं, तर लेकीच्या फाइलमध्ये त्या निर्णयाची प्रत असू द्या आणि ती पुढे सरकवा. माझ्या लेकीने तसंच केलं.