ट्रकचालकांचे सुरक्षा प्रशिक्षण: उतारावर उपयोगी, झोपेबाबत अपुरे

आमच्या सहा ट्रकच्या चालकांना गेल्या वर्षी पुण्यातील एका संस्थेच्या दोन दिवसांच्या सुरक्षा प्रशिक्षणाला पाठवले होते. पहिला दिवस, खरे सांगायचे तर, पडद्यावरची चित्रे पाहण्यात आणि चहापाण्यात गेला. दुसऱ्या दिवशीच्या घाटातील सरावाने मात्र पैसे वसूल झाले. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय किती घातक आहे, हे पुण्यातील नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर वारंवार दिसले आहे. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव संपतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले लायनर (ब्रेक दाबल्यावर चाकाच्या ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या) पकड सोडतात. प्रशिक्षकांनी उतार संपताच गाडी बाजूला घेऊन ड्रमजवळ हात धरायला लावला, तेव्हा वीस-वीस वर्षे गाडी चालवणारे आमचे चालकही गप्प झाले.

त्यानंतर लायनर जास्त टिकू लागले आणि कोणत्याही गाडीची मोठी धडक झाली नाही. परंतु सहा गाड्यांच्या एका वर्षावरून अपघात घटल्याचा दावा करणे उतावीळपणाचे ठरेल.

झोपेच्या विषयाला जेमतेम अर्धा तास मिळाला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, हे चालकांना सांगून काय उपयोग? पहाटेपर्यंत माल पोहोचवा म्हणून फोन करणारे आम्ही मालक त्या वर्गात नव्हतोच. पाचपैकी तीन तारे.