इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला ट्यूब प्रीअँप लावावा का? फ्रेया प्लस घरी ऐकून झालेलं माझं मत

माझा सेटअप आधी सांगतो म्हणजे पुढचं समजेल. मार्टिन लोगनचे इलेक्ट्रोमोशन ईएसएल, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर (कोनऐवजी विद्युत क्षेत्राने हलणारा पातळ पडदा, म्हणजे पॅनेल, आवाज काढतो), त्यावर एक दणकट सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचा, पॉवर अँप (स्पीकर चालवणारा), आणि डॅक (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) थेट पॉवर अँपला, मध्ये प्रीअँप (सोर्स निवडणारा, आवाज कमीजास्त करणारा डबा) नाहीच. घरी कोणी ऐकायला आलं की आधी वा वा आणि मग चहाच्या कपाबरोबर सल्ला, "आवाज स्वच्छ आहे रे पण जरा कोरडा वाटतो, ट्यूब प्रीअँप घे, इलेक्ट्रोस्टॅटिकला ट्यूबच पाहिजे." (ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे व्हॉल्व्ह.) इतक्या जणांनी इतक्या खात्रीने सांगितलं की मीही किमती बघायला लागलो होतो, तेवढ्यात एक मित्र अमेरिकेतून कायमचा पुण्याला परत आला आणि त्याच्या फ्लॅटचं काम पूर्ण होईपर्यंत त्याचा शिट ऑडिओचा फ्रेया प्लस माझ्याकडे ठेवून गेला (नाव खरंच असंच आहे, घरात मी नुसतं फ्रेया म्हणतो).

या प्रश्नासाठी याहून सोयीचं यंत्र मिळालं नसतं. २०१९ ला आलेला प्रीअँप, बाजारात आला तेव्हा हजार डॉलरच्या आत, आणि एकाच डब्यात तीन मोड: पॅसिव्ह, म्हणजे नुसता व्हॉल्यूम, दुसरा बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता नुसता पुढे रेटणारा, तोही ट्यूबशिवाय, आणि तिसरा ट्यूब, ज्यात ६एसएन७ च्या चार ट्यूब कामाला लागतात. रिमोटवरून मोड बदलता येतो. पहिल्या दोन मोडमध्ये ट्यूब बंदच असतात त्यामुळे ट्यूबवर जाताना जरा थांबावं लागतं, पण तेच स्पीकर, त्याच वायरी, तोच अँप, फक्त ट्यूब आहे किंवा नाही, अशी तुलना दुकानात उभं राहून कधीच होत नाही.

पहिल्या संध्याकाळी ट्यूब मोड लावला आणि मी फिदा. तानपुरा केवढा मोठा झाला, किशोरीताईंचा आवाज चक्क दोन पावलं पुढे आला. मग डोक्यात आलं की ट्यूब मोडला साधारण चारपट गेन आहे (सिग्नल तेवढा मोठा होऊन बाहेर पडतो), बाकी दोन मोडना गेन नाही, म्हणजे नॉब तिथेच ठेवून मोड बदलला तर आवाज १२ डीबीने (डेसिबलने) मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त गोड लागतो. म्हणून ४०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला आणि तिन्ही मोडचं व्होल्टेज सारखं करून घेतलं (स्वस्त मल्टिमीटर असेल तर याच्या वरच्या टोनला जाऊ नका, आकडे चुकतात). पुन्हा ऐकलं तर मगाचा फरक बहुतेक सगळा गेला. थोडा राहिला, तो खरा होता असं मला वाटतं: तानपुऱ्याची जवारी किंचित गोलसर, जुन्या रेकॉर्डिंगमधल्या सारंगीची धार जराशी कमी. भीमसेनांच्या तानेत मला काहीच वेगळं सापडलं नाही. डग्ग्याचंही तेच, आणि तसंही या स्पीकरमध्ये ५०० हर्ट्झच्या खालचं काम पॅनेल करतच नाही, ८ इंची वूफर (साधा कोनवाला बेस स्पीकर) करतो. शिवाय फ्रेयाची ट्यूब स्टेज डिफरन्शियल आहे (दोन उलट सिग्नलमधला फरक वाढवणारी), पाकात घोळवलेला आवाज देणारी नाही, तशी अपेक्षा ठेवून घेणारा नाराज होईल.

आता त्या "इलेक्ट्रोस्टॅटिकला ट्यूबच" बद्दल. ही समजूत आली क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या जमान्यातून. क्वाडच्या पीटर वॉकर यांचा ईएसएल हा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ ला विक्रीला आला तेव्हा त्याच्या जोडीला क्वाडचाच क्वाड टू अँप असायचा, दोन केटी६६ ट्यूब आणि १५ वॉट, कारण तेव्हा घरच्या हायफायमध्ये ट्यूबच होत्या. क्वाडचा ट्रान्झिस्टरचा अँप, ३०३, आला १९६७ ला. ती जोडी गाजली आणि ट्यूब इलेक्ट्रोस्टॅटिकची सोबतीण ठरली. पण त्या जोडीतला पॉवर अँप सगळे विसरले आणि प्रीअँपला श्रेय द्यायला लागले!

इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल म्हणजे अँपच्या दृष्टीने एक मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), फ्रिक्वेन्सी वर गेली की इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, खाली. माझे स्पीकर कागदावर ६ ओहमचे, पण २० किलोहर्ट्झला १.६ ओहम. हा जो अवघड लोड आहे तो पॉवर अँपच्या गळ्यात पडतो, प्रीअँपला पॅनेल दिसतसुद्धा नाही, त्याला दिसतो फक्त पॉवर अँपचा इनपुट. ट्यूबचा पॉवर अँप लावला तर त्याच्या जास्त आउटपुट इम्पिडन्समुळे वरचे सूर खरोखर थोडे दबतात, लोक ज्याला गोडवा म्हणतात त्यातला बराचसा हाच. प्रीअँपकडून तो गोडवा मागणं म्हणजे चुकीच्या खिडकीवर रांग लावणं.

प्रीअँप घेताना बघायचं ते वेगळंच आहे आणि विक्रेते ते क्वचितच सांगतात. बऱ्याच ट्यूब प्रीअँपच्या आउटपुटला कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) असतो. समजा तो ०.४७ मायक्रोफॅरडचा आहे आणि तुमचा पॉवर अँप क्लास डी (स्विचिंगवर चालणारा) आहे ज्याचा इनपुट इम्पिडन्स १० किलोओहम आहे (असे बरेच आहेत), तर ३४ हर्ट्झला बेस ३ डीबीने खाली आलेला असतो आणि त्याची सुरुवात बरीच वरून होते. तोच प्रीअँप १०० किलोओहमच्या अँपला लावा, हाच आकडा ३.४ हर्ट्झ होतो, म्हणजे काळजीच मिटली. प्रीअँपचा आउटपुट इम्पिडन्स पॉवर अँपच्या इनपुट इम्पिडन्सच्या दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी पाहिजे, हा हिशोब पाकीट काढायच्या आधी करा. दुसरं म्हणजे गेन. डॅकच्या बॅलन्स्ड (एकच सिग्नल सुलटा-उलटा दोन तारांतून देणाऱ्या) आउटपुटमधून ४ व्होल्ट येत असतील आणि अँपला दोनही लागत नसतील, तर त्यात आणखी चारपट कशाला? नॉब कायम तळाशी राहतो आणि ट्यूबची खरखर, असलीच तर, आयती मोठी होऊन येते.

रोजच्या वापरातल्या गोष्टी. मित्राचा पीस अमेरिकेतला, ११५ व्होल्टचा, म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, तोच गुणगुणायला लागला, मग दुसरा मोठा आणला आणि तो शेल्फपासून लांब ठेवला. भारतात वापरायचा असेल तर २३० व्होल्टवालाच मागवा. चार ६एसएन७ च्या नुसत्या हीटरनाच १५ वॉट लागतात, एप्रिलच्या दुपारी ते जाणवतं. नव्या ६एसएन७ रशिया आणि चीनमधून येतात, मागवायला लागतात. एकेकाळी बंगळुरूची बीईएल रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची, आता तो माल जुन्या स्टॉकमध्येच आणि नशिबात असेल तर. व्हॉल्यूम रिलेचा (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा) आहे, वाढवताना टकटक होते, मला आवडली, बायकोला अजिबात नाही. बांधणी मात्र ठणठणीत, दोन बॅलन्स्ड आणि तीन साधे इनपुट, त्या पैशात तक्रारीला जागा नाही.

मी घेणार नाहीये. तुमच्याकडे टर्नटेबल, डॅक, टीव्ही असे तीन-चार सोर्स असतील आणि नाहीतरी प्रीअँप लागणारच असेल तर फ्रेया जरूर बघा, ट्यूब नको वाटल्या तर बफरवर ठेवून विसरून जा. एकच डॅक असेल आणि कोरडेपणा घालवायचा असेल तर आधी स्पीकर हलवा. हे पॅनेल मागेही तेवढाच आवाज फेकतं, मागच्या भिंतीपासून निदान २-३ फूट जागा हवी, आणि आपल्या हॉलमध्ये तिथे नेमकं काचेचं शोकेस असतं. माझं शोकेस बेडरूममध्ये गेलं आणि मागे जाड पडदा आला, तेवढ्यात जो फरक पडला तो ट्यूब मोडपेक्षा जास्त होता. वाचलेले पैसे पॉवर अँपसाठी ठेवलेत, दोन ओहमला न घाबरणारा एखादा ऐकलात तर कळवा.