सेव्हन-झिप, विनरार की विंडोजचंच झिप?

जळगावात घ्या की नंदुरबारात, असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा विनरार, म्हणजे फाइली दाबून लहान करून एका गठ्ठ्यात बांधणारं सॉफ्टवेअर, आधीच टाकलेलं असतं. 40 दिवस झाले की ते 'विकत घ्या' म्हणतं, आपण खिडकी बंद करतो आणि ते निमूट काम करत राहतं. म्हणून सगळ्यांना ते फुकट वाटतं. तसं नाही, 40 दिवसांनंतर परवाना घ्यायचा असतो. पैसे मोजायचे नसतील तर सेव्हन-झिप घ्या. इगोर पावलोव्ह यांनी 1999 मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर घरात, दुकानात, ऑफिसात कुठेही मोफत आहे.

दिसायला ते अगदीच रुक्ष. पण हिशोबाचा डेटा किंवा साध्या मजकुराच्या फाइली त्याच्या सेव्हन-झेड या फाइल-प्रकारात नेहमीच्या झिप प्रकारापेक्षा सहसा बऱ्याच लहान होतात. विनरारची रार फाइल ते उघडतं, बनवत मात्र नाही.

फोटो-व्हिडिओंसाठी ही तुलना करूच नका. जेपीजी आणि एमपी4 आधीच आकसलेले असतात. भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर एकदा भाजलं की आकसतं, पुन्हा भाजून आणखी किती आकसणार?

मग विनरारवर पैसे का घालावेत? एकाच गोष्टीसाठी: रिकव्हरी रेकॉर्ड. थोडी जागा जास्त जाते, पण फाइलचा काही भाग खराब झाला तर तो दुरुस्त होऊ शकतो. माझा एक वर्षाचा हिशोब पेनड्राइव्हवर सेव्हन-झेडमध्ये होता. पेनड्राइव्ह बिघडला आणि अर्ध्याहून जास्त फाइली गेल्या. अर्थात दुसरी प्रत ठेवली तर विनरारचा खर्चही वाचतो.

विंडोजचं स्वतःचं झिप चार कागद सीएकडे पाठवायला पुरतं. विंडोज 11 तर 2023 पासून रार आणि सेव्हन-झेडही उघडतं. पासवर्ड लावून फाइल बनवायची सोय मात्र त्यात नाही.

दुकानदाराने टाकून दिलेली जुनी प्रत चालवत बसू नका. विनरारमधल्या एका त्रुटीचा चोरांनी 2023 मध्ये गैरफायदा घेतला. ती 6.23 मध्ये बुजवली, पण विनरार काय किंवा सेव्हन-झिप काय, आपोआप अपडेट होत नाही. मूळ संकेतस्थळावरून नवी आवृत्ती स्वतःच उतरवावी लागते.

माझ्या कॉम्प्युटरवर आता सेव्हन-झिप आहे. स्वतःसाठी सेव्हन-झेड, दुसऱ्याला पाठवायचं तर त्यातूनच झिप. नाहीतर शिरपूरहून चुलतभावाचा फोन येतो, "भाऊ, हाई फाईल उघडस नही!" झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं दिसतात, म्हणून नावात खातेक्रमांक वगैरे लिहू नका. सेव्हन-झेडमध्ये नावंही झाकता येतात, त्यासाठी पासवर्डखालच्या 'Encrypt file names' या चौकटीत टिक करावी लागते.