अडकणारा घास: ब्युडेसोनाइड घ्यावं, ड्युपिलुमॅब घ्यावं, की नव्या औषधाची वाट पाहावी?

इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस म्हणजे ॲलर्जीसारख्या दाहामुळे अन्ननलिकेत इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी साचून तिला सूज येणं. हा आजार असलेला माणूस नकळत घास बारीक करत जातो, प्रत्येक घासामागे पाणी पितो आणि ताटावरून सगळ्यांत शेवटी उठतो. औषध निवडताना मी आधी त्याचं ताट बघेन, बायोप्सीतला या पेशींचा आकडा नंतर.

सुरुवात बहुधा आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गोळ्यांनी होते. साधारण निम्म्यांना त्या पुरतात. ज्यांना पुरत नाहीत, त्यांचा प्रश्न खरा अवघड.

ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड, पण इथे ते अन्ननलिकेला आतून मलमासारखं लागायला हवं. युरोपात २०१८ पासून त्याची विरघळणारी गोळी मिळते. ती जिभेच्या टोकावर ठेवायची, टाळूला हलकेच दाबायची आणि विरघळेल तशी लाळेबरोबर थोडी थोडी गिळायची. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. पाण्याबरोबर गटकन गिळली, तर औषध थेट पोटात जातं आणि सूज तशीच राहते. तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी येऊ शकते, तिच्यावर इलाज आहे. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये याचंच पातळ औषध मंजूर झालं, तेही १२ आठवड्यांपुरतं. दुखणं मात्र जुनाट. औषध थांबलं की बहुतेकांना ते पुन्हा गाठतं.

ड्युपिलुमॅब म्हणजे दर आठवड्याला त्वचेखाली इंजेक्शन. इंटरल्युकिन-४ आणि १३ या दाह पेटवणाऱ्या दोन्ही संदेशांना ते अडवतं. अमेरिकेत मे २०२२ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत २४ आठवड्यांनी सुमारे ६० टक्के रुग्णांच्या इओसिनोफिल पेशी आटोक्यात आल्या. नकली औषधावर ५ टक्क्यांच्या. दोन आठवड्यांतून एकदा दिलं, तेव्हाही पेशी उतरल्या, पण गिळण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणून डोस लांबवू नका.

इओसिनोफिलच नष्ट करणाऱ्या बेनरालिझुमॅब या औषधाचा निकाल तर चटका लावणारा. ८७ टक्के रुग्णांत इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झाले आणि घास अडकतच राहिला! सेंडाकिमॅब हे नवं औषध फक्त इंटरल्युकिन-१३ला अडवतं. चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात पेशी आणि गिळणं दोन्ही सुधारल्यामुळे माझी आशा त्याच्यावर जास्त आहे. तरी त्याच्यासाठी आजचे उपचार थांबवू नयेत.

दुसरी ॲलर्जी नसेल तर मी आधी ब्युडेसोनाइडकडे झुकेन. सोबत तीव्र दमा किंवा एक्झिमा असेल, किंवा स्टेरॉइड लागू पडलं नसेल, तर ड्युपिलुमॅबबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि अन्ननलिका आधीच आखडली असेल, तर औषध चालू ठेवून दुर्बिणीतून ती रुंदही करून घ्यावी लागते.