व्याख्यानमालेसाठी वेबिनारचे सॉफ्टवेअर निवडताना

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि ज्येष्ठ श्रोत्यांना धरमपेठेतून सीताबर्डीच्या सभागृहात या, असे म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून आमच्या छोट्या वाचक मंडळाने उन्हाळ्यातली व्याख्याने ऑनलाइन सुरू केली. पहिले व्याख्यान पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) तलावांवर होते. ते आम्ही साध्या मीटिंगमध्ये घेतले आणि एका श्रोत्याचा माइक चालू राहिल्याने त्यांच्या कूलरची घरघर वक्त्यांच्या आवाजावर मात करत राहिली. तो माइक कोणाचा, हे शोधून बंद करेपर्यंत तलावाच्या पाळीचा (बांधाचा) सगळा मुद्दा निसटून गेला होता.

त्यानंतर सॉफ्टवेअर पारखताना एकच कसोटी ठेवली: सभेची सूत्रे सूत्रसंचालकाच्या हाती किती राहतात. झूमची विनामूल्य मीटिंग ४० मिनिटांत संपते, गूगल मीटवर तिघे किंवा अधिक असल्यास ६० मिनिटांत; प्रश्नोत्तरांसह दीड तास चालणाऱ्या व्याख्यानाला दोन्ही अपुरे आहेत. मुक्तस्रोत असलेल्या, म्हणजे ज्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे अशा जित्सी मीटमध्ये श्रोत्यांचे माइक रोखून धरता येतात, परंतु प्रश्नांसाठी वेगळी जागा नसल्याने चांगला प्रश्न नमस्कार-चमत्कारांच्या ओघात वाहून जातो. यूट्यूब लाइव्ह श्रोत्यांना सर्वांत सोपे वाटते. मात्र प्रक्षेपण काही सेकंद मागे असते, त्यामुळे प्रश्न येतो तेव्हा वक्ते पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात.

झूम वेबिनार या कसोटीला सर्वाधिक उतरले. त्यात श्रोते केवळ पाहतात आणि ऐकतात. सूत्रसंचालकाने परवानगी दिल्याशिवाय कोणाचाही माइक उघडत नाही. प्रश्नोत्तरांची खिडकी गप्पांपासून वेगळी असते. आलेला प्रश्न आधी सूत्रसंचालकाला दिसतो; तो वक्त्यांपुढे ठेवायचा, लेखी उत्तर द्यायचे की बाजूला सारायचा, हे तिथेच ठरवता येते. आलेले सर्व प्रश्न श्रोत्यांना दिसू देण्याचा पर्याय निवडल्यास ते एखाद्या प्रश्नाला पसंती देऊ शकतील अशीही सोय आहे. आमच्या एका सभेत संकोची श्रोत्यांचे लेखी प्रश्न प्रत्यक्ष सभागृहातल्यापेक्षा अधिक नेमके आले, याचे मला मनापासून समाधान वाटले. मात्र वेबिनारचा परवाना मीटिंगच्या परवान्याहून वेगळा आणि महाग आहे, हे पैसे भरण्यापूर्वी नीट पाहून घ्यावे.

बिगब्लूबटनचा विचार संस्थांनी अवश्य करावा. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये अध्यापनासाठी सुरू झालेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. सादरीकरणाची फाइल आधीच चढवून ठेवता येते, त्यामुळे पडदा सामायिक करण्याचा (स्क्रीन शेअरिंगचा) भार पडत नाही आणि कमी वेगाच्या मोबाइल जोडणीवरही पाने स्वच्छ दिसतात. सहभागींचे माइक, कॅमेरे आणि खासगी संदेश सूत्रसंचालक एकाच ठिकाणाहून कुलूपबंद करू शकतो. अडचण एवढीच की ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवून सांभाळणारा जाणकार माणूस हवा, आणि आमच्याकडे तो नाही.

आम्ही जाहीर व्याख्यानांसाठी झूम वेबिनार घेतले. त्यातल्या सराव सत्राचा उपयोग मी प्रत्येक वेळी करतो: श्रोत्यांना प्रवेश देण्यापूर्वी अर्धा तास वक्त्यांना बोलावतो, कूलर मंद करायला सांगतो आणि माइक कोठे ठेवल्यावर त्याची घरघर ऐकू येईनाशी होते, ते दोघे मिळून पाहतो.