साइडिंगच्या कामासाठी ऑनलाइन फॉर्म करून घेताय? आधी हे वाचा

आम्ही घरांच्या बाहेरच्या भिंतींना साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण, बसवतो. व्हिनाइल, फायबर सिमेंट, लाकूड, ज्या घराला जे चालेल ते. फोनवर चौकशी आली की तेच ते प्रश्न विचारण्यात वेळ जायचा, म्हणून ऑनलाइन फॉर्म करून घ्यायचं ठरवलं. एका फ्रीलान्सरला काम दिलं. त्याने आधीची कामं दाखवली, जुन्या ग्राहकांशी बोलणं करून दिलं, लेखी करारही केला. हे मुद्दाम सांगते, कारण सगळी विचारपूस करूनही माणूस असा फसवला जातो.

फॉर्म दिसायला छान होता. घर किती मजली, भिंतीवर सध्या काय आहे, जुनं काढायचं की त्यावरच नवं बसवायचं, कुठे ओल किंवा कुजलेलं लाकूड दिसतं का, असे नेमके प्रश्न. साइडिंगचा माल अनेकदा स्क्वेअरमध्ये मोजतात, एक स्क्वेअर म्हणजे 100 चौरस फूट. भिंतीची लांबी-उंची भरली की अंदाजे किती स्क्वेअर लागतील ते तिथल्या तिथे दिसायचं. पुढे फोटो जोडायची सोय आणि शेवटी, मोजमापासाठी आलो तर तुम्ही घरी कधी असता.

चौकश्या येऊ लागल्या, पण कामं हाती लागेनात. आम्ही फोन करावा आणि समोरच्याने म्हणावं, "अहो, आत्ताच तर बोलणं झालं." आम्हाला वाटायचं, लोक चार ठिकाणी भाव विचारतात, त्यात नवल काय. मग एका बाईंनी सांगितलं ते ऐकून मी चरकले. आमच्या आधी त्यांना ज्याचा फोन आला, त्याने मागच्या खिडकीखालच्या कुजलेल्या फळीचं विचारलं होतं. ती फळी रस्त्यावरून दिसत नाही. त्यांनी ती फक्त आमच्या फॉर्ममध्ये लिहिली होती.

मग आम्ही एक खोटी चौकशी भरली. नसलेलं घर, नवा फोन नंबर, आणि एक विचित्र तपशील: फक्त उत्तरेच्या भिंतीवर निळ्या लाकडी फळ्या. जीमेलमध्ये आपल्या पत्त्यात ॲट चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह टाकून एखादा शब्द जोडला, तरी मेल आपल्याच इनबॉक्समध्ये येते. तसा पत्ता फक्त या फॉर्मसाठी वापरला. त्याच दिवशी त्या नव्या नंबरवर अनोळखी माणसाचा फोन आला, "तुमच्या निळ्या फळ्यांचं काय करायचंय?" जोडशब्द लावलेल्या त्या पत्त्यावर दुसऱ्याच ठेकेदाराचं कोटेशनही आलं.

पुढची तपासणी कोणालाही जमेल अशी आहे. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये फॉर्म उघडा, एफ-12 दाबा, नेटवर्क नावाच्या टॅबवर जा आणि फॉर्म भरायला घ्या. माहिती कोणकोणत्या पत्त्यांवर जाते ती यादी समोर दिसते. आमच्या फॉर्मची माहिती दोन ठिकाणी जात होती. एक आमचं, दुसरं कधी न ऐकलेलं. आणि दुसरीकडे ती "पाठवा" बटण दाबायच्या आधीच जात होती. फोन नंबर टाकून पुढच्या चौकटीवर क्लिक केलं की गेलाच. म्हणजे अर्धवट सोडलेल्या फॉर्ममधली माहितीही, जी आमच्यापर्यंत कधी पोचलीच नाही, ती तिकडे पोचत होती. हा प्रकार दुर्मीळ नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी 1 लाख लोकप्रिय वेबसाइट तपासल्या. युरोपीय संघातून पाहिलं तेव्हा 1,844 आणि अमेरिकेतून पाहिलं तेव्हा 2,950 वेबसाइटवर, फॉर्म पाठवायच्या आधीच, ईमेल पत्ता ट्रॅकिंग कंपन्यांकडे जाताना आढळला.

त्या फ्रीलान्सरला जाब विचारला. आधी म्हणाला, ते ॲनालिटिक्स आहे, म्हणजे फॉर्म कोण कसा वापरतं याची आकडेवारी. निळ्या फळ्यांचा फोन सांगितल्यावर त्याने उत्तरं देणं बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मच बंद. तेव्हा कळलं की करारात "फॉर्म तुमचा" असं लिहिलेलं असूनही डोमेन, म्हणजे फॉर्मचा इंटरनेटवरचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं, आणि फॉर्मचं खातंही त्याच्याच ईमेलवर होतं. जुन्या चौकश्यांची यादी हवी असेल तर वेगळे पैसे द्या, असा निरोप आला. आमच्याच ग्राहकांची माहिती आम्हालाच विकायला निघाला होता.

कामं गेली त्याचं वाईट वाटतंच, पण संताप येतो तो ग्राहकांसाठी. घराचा पत्ता, चारी बाजूंचे फोटो, कुठली खिडकी नीट बसत नाही, आणि घरात माणसं कधी असतात, म्हणजेच कधी नसतात. हे सगळं लोकांनी आमच्या नावावर विश्वास ठेवून दिलं होतं. फोनवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेचं नेमकं ठिकाणही नोंदलेलं असू शकतं, ते वेगळंच. ज्यांचे नंबर आमच्याकडे होते त्या प्रत्येकाला आम्ही फोन करून हे सांगितलं. काही जण चिडले, आणि त्यांचा राग रास्त होता.

नव्या फॉर्ममध्ये घरी असण्याची वेळ विचारत नाही, ती फोनवर ठरवतो. फोटोही नंतरच मागवतो. डोमेन आणि फॉर्मचं खातं आम्ही स्वतःच्या ईमेलवर उघडलं आणि बनवणाऱ्याला फक्त कामापुरता प्रवेश दिला. काम झाल्यावर तो काढून घेतला, पासवर्ड बदलले, एफ-12 ची तपासणी केली आणि मगच शेवटचा हप्ता दिला. तुमचा फॉर्म आधीच चालू असेल तर आज एक खोटी चौकशी भरा, तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसेल असा एखादा तपशील त्यात टाका, आणि फोन कोणाचा येतो ते पाहा.