गिचमिड अक्षराला शाईचं पेन: आठ महिन्यांनंतर

ड्रॉपरने शाई भरायचं साधं पेन, स्टीलची निब. सगळ्यांना माहीत असलेली वस्तू आहे, म्हणून थेट डागांवर येतो. परभणीच्या मे महिन्यात या पेनाने आठ दिवसांत चार वेळा भर ओळीत टपोरा थेंब टाकला. दुकानदार म्हणाला, निब बदला. पैसे वाया गेले असते, कारण दोष निबचा नव्हताच. शाई पाव टाकी उरली की बाकी जागेत हवा असते. कूलरच्या खोलीतून पेन 42 डिग्रीच्या उन्हात आलं की ती हवा फुगते आणि शाईला जिभेतून, म्हणजे निबखालच्या शाई आणणाऱ्या खाचांच्या पट्टीतून, बाहेर ढकलते. उपाय फुकटचा आहे: शाई निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, खिशात आणि टोपण उघडताना निब वरच ठेवायची. त्यानंतर एकही थेंब नाही.

आता अक्षर. दोन महिन्यांनी माझं मत होतं की पेनाने अक्षर सुधारलं. ते अर्धंच खरं निघालं. बॉलपेन दाबून चालवावं लागतं, तिसऱ्या पानाला बोटं दुखतात आणि अक्षर कोलमडतं. शाईचं पेन 45 अंशांत नुसतं टेकवलं तरी चालतं, तेवढा त्रास गेला. पण वाचणारा अडखळायचा तिथेच अडखळत राहिला, कारण घाईत शिरोरेषा गाळायची सवय तशीच होती. घ आणि ध, म आणि भ यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषेचाच: घ, म वर ती सलग, ध, भ वर तुटक. ती गाळली की ‘घर’ आणि ‘धर’ एकच. म्हणून आधी पूर्ण शब्द लिहायचा, मग डावीकडून उजवीकडे रेघ, आणि ध-भ आला की पेन उचलायचं. वेग थोडा कमी होतो, होऊ द्या. ‘ख’चे दोन भागही खाली जोडूनच काढा, नाहीतर ‘रव’ वाचला जातो.

महिन्यातून एकदा निब आणि जीभ धुवावी, पण बोअरच्या पाण्याने नको. त्याचे क्षार जिभेच्या बारीक खाचांत बसतात आणि शाई अडते. जारचं पाणी घ्या, कोमट चालेल, उकळतं नको. पातळ कागदाच्या वहीत शाई फुटते, त्यामुळे वही जरा जाड कागदाची लागते, हा खर्च मला अजून खटकतो. आणि कार्बन घालून लिहायच्या पावतीबुकाला हे पेन कामाचं नाही. तिथे दाब लागतो, बॉलपेनच ठेवा.